तांबडी कोंबडी परवापासून बसून आहे, थंडी फार आहे. आधी काय करू?

धानाची बांधी (पवनी, जि. भंडारा), रविवार सकाळ

नमस्कार मंडळी. माझ्याजवळ अकरा गावरान कोंबड्या आहेत. त्यातली तांबडी, दोन वर्षांची, परवापासून पिसं फुगवून, मान खांद्यात ओढून एकाच जागी बसून आहे. खुराडं उघडलं की सगळ्यात आधी हीच बाहेर यायची, उकिरड्यावर बाकीच्यांना ढकलायची. काल उचलली तं हाताला नुसती पिसंच लागली, छातीचं हाड सुरीच्या धारेसारखं वर आलं आहे. उजव्या डोळ्यात फेस, डोळ्याखाली सूज, मधेमधे शिंकते. विष्ठा हिरवट. सकाळी इकडं एवढा गारठा असतो की तणसीचा ढीग दवानं ओला होऊन जातो.

सासूबाई म्हणतात लसूण-हळदीची गोळी कोंब. शेजारी म्हणतात मानमोडी आहे, आजच कापून टाका. मला नाही कापायची. मांगच्या उन्हाळ्यात तिनं नऊ पिल्लं वाढवली, एकही घारीला नेऊ दिलं नाही. काही खात नाही म्हणून काल भात भरवला, तोही तसाच गळ्याखाली फुगून आहे.

जुना पर्यवेक्षक (वर्धा), रविवार सकाळ

ताई, पशुधन पर्यवेक्षक म्हणून माझी नोकरी दवाखान्यातच गेली. भरवणं आत्ताच थांबवा. कोंबडीचं अंग निरोगी असताना ४१ अंशांच्या आसपास गरम असतं, आपल्यापेक्षा चार अंश जास्त. ती गारठली की आतलं सगळं मंदावतं. गळ्याखालची दाण्याची पिशवी हालत नाही आणि भरवलेला भात तिथंच आंबतो. म्हणून आधी ऊब, मग पाणी, आणि पिशवी रिकामी झाल्यावरच खाणं. घाबरून माणसं नेमकं उलटं करतात.

आज तिला घरात आणा, बाकीच्यांपासून पूर्ण वेगळी. तिचं पाण्याचं भांडं वेगळं. तिला हात लावला की साबणानं धुवा, मगच दुसऱ्यांना दाणे टाका. डोळ्याची सूज, फेस आणि शिंका पाहता ही कोंबड्यांची सर्दी, म्हणजे कोरायझा असू शकते. तोंडाजवळ नाक नेऊन पाहा, कुजका वास येतो का. ही सर्दी एका भांड्यातल्या पाण्यातून भराभर पसरते.

हिरव्या विष्ठेवरून लगेच मानमोडी ठरवू नका. उपाशी कोंबडीही हिरवंच हगते, कारण पोटात फक्त पित्त उरतं. मान वाकडी होणं, पाय-पंख लुळे पडणं, तोंड वासून श्वास घेणं यातलं काही दिसलं तर राणीखेतचा, म्हणजे मानमोडीचाच, संशय धरायचा. आणि एकाच दिवसात तीन-चार दगावल्या तर कोणालाही हात लावू देऊ नका, ताबडतोब दवाखान्यात कळवा. २०२५ च्या जानेवारीत नागपूरच्या गोरेवाड्यातले तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूनं गेल्याचं तपासणीत निघालं होतं. हे भीती घालायला नाही सांगत, पण कळवायला उशीर करू नका.

उद्या दवाखाना उघडला की तिला न्या. नेणं जमत नसेल तर १९६२ वर फोन करा, फिरत्या पथकाची सोय त्यावर आहे.

पऱ्हाटीवाली (दारव्हा), रविवार दुपार

ताई, आमच्याकडं लाईनचा भरवसा नाही, म्हणून मी बल्बवर अवलंबून राहत नाही. मोठं डालं घ्या, खाली बारदाना, त्यावर कुटार किंवा तुमची कोरडी तणस चार बोटं. दोन बाटल्यांत गरम पाणी भरा, जुन्या लुगड्यात गुंडाळा आन डाल्यात एकाच बाजूला ठेवा. तिला गरम झालं की दुसऱ्या बाजूला सरकता आलं पाहिजे. पाणी थंड झालं की बदला, रात्री दोनदा उठावं लागते. बल्ब लावत असाल तं जुना पिवळा लावा, नवे पांढरे ऊब देत नाहीत, आन तणसीपासून हातभर वर टांगा.

गोवऱ्यांची शेगडी तिच्याजवळ अजिबात नको. धुरानं माझी एक कोंबडी गेली आहे.

मोहफूल (गडचिरोली), रविवार दुपार

आमच्या गावात तंबाखूचं पाणी चोचीत सोडतात. कफ सुटते म्हणतात. करून पाहा.

जुना पर्यवेक्षक (वर्धा), रविवार संध्याकाळ

भाऊ, कृपा करून हे कोणाला सांगू नका. तंबाखू कोंबडीला विष आहे. आणि पाणी कोणतंही असो, चोच उघडून आत ओतायचं नसतं. जिभेच्या मुळाशीच श्वासनळीचं तोंड असतं, पाणी सरळ फुप्फुसात जातं. बोट बुडवून चोचीच्या कडेला थेंब लावायचा, ती स्वतः गिळते. मग दुसरा. कोमट पाण्यात थोडा गूळ आणि चिमूटभर मीठ, एवढं पुरे.

ताई, एक विचारायचं राहिलं. थंडीसाठी खुराड्याला काय लावलं आहे?

धानाची बांधी, रविवार रात्र

महिनाभरापासून चारही बाजूंनी ताडपत्री लावली आहे जी, खालपासून वरपर्यंत. गार वारा जाऊ नये म्हणून. तोंडाजवळ वास घेतला, कुजकाच आहे.

जुना पर्यवेक्षक (वर्धा), रविवार रात्र

तिथंच घोळ असेल. रात्रभर अकरा जणी आत, ओली विष्ठा, वाफ बाहेर जायला जागा नाही. सकाळी खुराड्यात डोकं घालून पाहा, डोळे चुरचुरले तर तो अमोनिया आहे. त्यानं त्यांचं नाक-घसा सोलून निघतो आणि मग कोणताही रोग आत शिरतो. कोरडी असली तर कोंबडी थंडी पिसांवर काढते. ओल आणि कोंडलेली हवा तिला सोसत नाही. ताडपत्री खालून त्यांच्या डोक्याच्या उंचीपर्यंत राहू द्या, वरची वीतभर पट्टी चारही बाजूंनी मोकळी ठेवा. खालचा ओला थर काढून फेका, वर थोडी राख आणि कोरडा धानाचा कोंडा.

धानाची बांधी, मंगळवार सकाळ

उशिरा लिहिते, माफ करा. सोमवारी पहाटे खुराड्यात डोकं घातलं आन डोळ्यातून पाणीच आलं. या बिचाऱ्या महिनाभर रोज रात्री त्यात होत्या. त्याच दिवशी सगळं काढलं, चार टोपले ओली घाण निघाली.

तांबडीला डाल्यात ठेवली आहे. पहिल्या रात्री एक एक थेंब पाणी घेतलं. दोन वाजता बाटल्या बदलायला उठले तं ती बाटलीला टेकून बसली होती, पिसं खाली बसलेली, डोकं पंखात. भात सकाळपर्यंत खाली सरकला होता. काल डॉक्टरांनी पाहून सर्दीच सांगितली, पाच दिवसांचं औषध दिलं, ते म्हणतील तोवर अंडी कोणाचीच खायची नाहीत. डोळा कोमट मिठाच्या पाण्यानं, कापसाच्या बोळ्यानं पुसते. आज कनकीची पातळ पेज आन उकडलेल्या अंड्याचा बलक ठेवला, चार-पाच चोची मारल्या.

तूर-हरभरा (अचलपूर), मंगळवार दुपार

बाकीच्या दहांना आता राणीखेतची लस देऊन टाकावी का?

जुना पर्यवेक्षक (वर्धा), मंगळवार रात्र

आत्ता नको. कळपात आजार असताना लस देत नाहीत. सगळ्या ठणठणीत झाल्या की डॉक्टरांना विचारून द्या. पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात लासोटाचा थेंब, मग आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी, दोन्ही राणीखेतच्याच लसी. एका कुपीत निदान शंभर डोस असतात आणि कालवल्यावर दोनेक तासांत संपवावी लागते, म्हणून चार-पाच घरांनी मिळून एकाच सकाळी लावावी. आणताना बर्फाच्या थर्मासमध्येच.

धानाची बांधी, पुढचा सोमवार

सूज उतरली, डोळा पूर्ण उघडला. काल डाल्यातून उडी मारून चुलीजवळ आली आन सासूबाईंच्या ताटातली भाकर ओढली. त्यांनीच अर्धी मोडून दिली. दुसरी एक शिंकत होती, तिलाही डॉक्टरांनी औषध दिलं. बाकीच्या बऱ्या आहेत.

पण डॉक्टर म्हणाले, बरी झालेली कोंबडीही ही सर्दी अंगात बाळगून राहते, बाहेरून नवीन पक्षी आणले की त्यांना लागते. म्हणून या वर्षी बाजारातून काही आणणार नाही. पिल्लांसाठी गोठ्याच्या पलीकडं वेगळं खुराडं बांधायला घेतलं आहे, तट्ट्याचं, वरून वीतभर मोकळं. पऱ्हाटीवाली ताई, त्याला दार कोणत्या बाजूला ठेवू? आमच्याकडं वारा उत्तरेकडून येतो.

पऱ्हाटीवाली (दारव्हा), सोमवार रात्र

पूर्वेला ठेवजा. सकाळचं ऊन थेट आत जाते.