विषय: लैंगिक आजारांची टेस्ट नेमकी कुठे करायची? (ह्यूस्टन, निनावी प्रश्न)

प्रेषक: यादी-संचालक

नमस्कार मंडळी,
खालचा मजकूर एका विद्यार्थिनीने मला पाठवला आहे. तिच्या परवानगीने, नाव काढून आपल्या ई-मेल यादीवर टाकते आहे. ज्यांना माहिती आहे त्यांनी मोकळेपणाने लिहा.

"मी 24 वर्षांची आहे, इथे मास्टर्स करतेय. दोन महिन्यांपूर्वी एक नातं संपलं आणि नंतर कळलं की त्याच्या आयुष्यात मी एकटी नव्हते. मला काही त्रास होत नाही, पण तपासून घ्यायचं होतं. घाबरून घराजवळच्या एका अर्जंट केअरमध्ये (अपॉइंटमेंटशिवाय बघतात त्या दवाखान्यात) गेले. डॉक्टर दहा मिनिटं बोलले, रक्त आणि लघवी दिली. तीन आठवड्यांनी 460 डॉलरचं बिल आलं. रिपोर्टमध्ये सिफिलिसची टेस्टच नव्हती, कारण मी नुसतं 'सगळं तपासा' म्हणाले होते. माझा महिन्याचा किराणा 200 डॉलरमध्ये बसतो. आता परत कुठे जाऊ? व्हिसाला काही होतं का? घरी विचारू शकत नाही."

—

प्रेषक: सुलभाताई, पेअरलँड

अगं, तू तपासायला गेलीस हे अगदी योग्य केलंस. बिलाचं वाईट वाटलं, पण पुढची टेस्ट एवढी महाग पडायचं कारण नाही.

हिलक्रॉफ्टला किराण्याला येत असशीलच. तिथून जवळच बॉनहोम रस्त्यावर शार्पस्टाउन हेल्थ सर्व्हिसेस आहे, शहराच्या आरोग्य खात्याचं केंद्र. उत्तरेला राहणाऱ्यांना नॉर्थसाइड, दक्षिणेला सनीसाइड. जुलै 2023 मध्ये शहराने सिफिलिसची साथ जाहीर केली, तेव्हा या केंद्रांमधली लैंगिक आजारांच्या तपासणीची फी माफ केली होती. जायच्या आधी फोन कर, वेळ आणि सध्याची फी दोन्ही विचार. दुसरा रस्ता म्हणजे सरकारी मदतीवर चालणारी कम्युनिटी हेल्थ सेंटर्स. तिथे उत्पन्नाप्रमाणे फी ठरते आणि पैसे नाहीत म्हणून कुणाला परत पाठवत नाहीत. स्टायपेंडची स्लिप किंवा बँकेचं स्टेटमेंट बरोबर ने, नाहीतर पहिल्या भेटीला पूर्ण फी लावू शकतात.

आता जे मी नर्स म्हणून बावीस वर्षं सांगत आले ते. वर्षाला होणाऱ्या रुटीन ब्लडवर्कमध्ये हे आजार बघत नाहीत. नाव घेऊन मागावं लागतं: क्लॅमिडिया, गोनोरिया, सिफिलिस, एचआयव्ही. आपल्याकडे जुनी माणसं सिफिलिसला गरमी आणि गोनोरियाला परमा म्हणायची. तोंडावाटे संबंध आला असेल तर घशाचा स्वॅबही माग, लघवीत घशातला गोनोरिया दिसत नाही. संकोच वाटला तर कागदावर लिहून ने आणि काउंटरवर दे.

लघवीची टेस्ट असेल तर आधी तासभर बाथरूमला जाऊ नकोस आणि पहिली धार पकड. आपल्याला लॅबमध्ये मधली धार घ्यायची सवय लावलेली असते. इथे उलटं आहे, मधली घेतली तर जंतू सापडायचा राहून जाऊ शकतो. बायकांसाठी स्वतः घ्यायचा योनीमार्गाचा स्वॅब जास्त चांगला. तो मिळाला तर तोच घे.

त्रास नाही यावर विसंबू नकोस. क्लॅमिडियात बहुतेक बायकांना काहीच जाणवत नाही. सिफिलिसची पहिली जखम दुखत नाही, तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरते आणि माणसाला वाटतं बरं झालं. रक्तात दिसायलाही वेळ लागतो. म्हणून आत्ता एकदा कर आणि संबंधाला तीन महिने झाले की सिफिलिस आणि एचआयव्ही पुन्हा एकदा.

आणि भारतातून आणलेली अझिथ्रोमायसिनची स्ट्रिप बॅगेत असेल तर तिला हात लावू नकोस. क्लॅमिडियाला आता सात दिवसांचं डॉक्सिसायक्लिन देतात, गोनोरियाला सेफ्ट्रायाक्झोनचं इंजेक्शन, सिफिलिसला पेनिसिलिन. अर्धवट औषधाने आजार दबतो, जात नाही.

व्हिसाचं: रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर तो आरोग्य खात्याला कळवला जातो. आरोग्य खातं तुझ्याशी औषधाबद्दल बोलेल, जोडीदाराला कळवायचं असेल तर तुझं नाव न सांगता कळवेल. विद्यापीठाला किंवा इमिग्रेशनला तो रिपोर्ट जात नाही. पुढे कधी ग्रीन कार्डच्या मेडिकलला सिफिलिस-गोनोरिया बघतात, पण औषध पूर्ण घेतलं असेल तर अर्ज अडत नाही. एचआयव्ही नसण्याची अट तर जानेवारी 2010 मध्येच काढून टाकली.

सुलभाताई

—

प्रेषक: एक जुने सभासद, शुगर लँड

सुलभाताई, तुमच्याबद्दल आदर आहे. पण ही यादी गणपती, दिवाळी अंक आणि शाळेसाठी आहे. घरातली मुलंही वाचतात. आपल्या सुसंस्कृत घरांमध्ये हे प्रश्न येत नाहीत. त्या मुलीला व्यक्तिगत उत्तर देता आलं असतं.

—

प्रेषक: सुलभाताई, पेअरलँड

काका, तुम्ही मला वीस वर्षं ओळखता, म्हणून स्पष्ट लिहिते.

सोलापूरला शिकत होते तेव्हा प्रत्येक गरोदर बाईची व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलिसची रक्ताची टेस्ट करायचो. वकिलाची बायको असो की बिडी कामगार, सुई एकच. इथे टेक्सासच्या कायद्याने ती टेस्ट तीनदा होते: पहिल्या भेटीला, तिसऱ्या तिमाहीत आणि बाळंतपणाच्या वेळी. मुलीच्या बाळंतपणाला आलेली एक आई वॉर्डात मला हळूच विचारत होती, "माझ्या मुलीवर संशय घेतात का हो?" मी तिला म्हटलं, "संशय कुणावरच नाही, म्हणून तर सगळ्यांची करतात."

ह्यूस्टनमध्ये 2019 मध्ये सिफिलिसच्या 1,845 नव्या केसेस होत्या, 2022 मध्ये 2,905. त्यातल्या बायका 295 वरून 674 वर गेल्या. शहर आणि हॅरिस काउंटी मिळून जन्मतः सिफिलिस असलेली बाळं 2016 मध्ये 16 होती, 2021 मध्ये 151. सबंध अमेरिकेत 2022 मध्ये अशी 3,755 बाळं होती, आणि त्यातली 282 पोटात किंवा जन्मल्यावर गेली. सीडीसीच्या, म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेच्या हिशोबाने आईला वेळेवर टेस्ट आणि औषध मिळतं तर दहातल्या नऊ बाळांना हा आजार झालाच नसता. पेनिसिलिनची सुई, काका. एवढीच गोष्ट.

असं एक बाळ मी हातात घेतलं आहे. नाक सतत वाहत होतं, तळव्यांची साल निघत होती. आई शिकलेली, नोकरी करणारी होती. तिला वाटलं होतं, असल्या तपासण्या आपल्यासाठी नसतात, म्हणून शेवटच्या दोन भेटींना ती गेलीच नाही. तिचा देश कुठला ते इथे लिहीत नाही, कारण तो कुठलाही असू शकतो.

मुलं यादी वाचतात म्हणता, तर वाचू देत. व्यक्तिगत उत्तर दिलं असतं तर फक्त एकीला कळलं असतं.

—

प्रेषक: केदार, केटी

काका, सुलभाताई, मी इथेच वाढलो, म्हणून एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. 26 वर्षांपर्यंत आम्ही आईबाबांच्या इन्शुरन्सवर असतो आणि प्रत्येक टेस्टनंतर घरी एक कागद येतो, कुठे गेलात, किती लागले. त्या कागदाच्या भीतीने कॉलेजात मी तीन वर्षं टेस्ट केली नाही. कम्युनिटी सेंटरमध्ये इन्शुरन्स न दाखवता उत्पन्नाच्या फीवर टेस्ट होते हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

प्रश्न विचारणाऱ्या ताईला: तुझ्या स्टुडंट प्लॅनला फोन करून विचार, स्क्रीनिंग प्रिव्हेंटिव्ह (त्रास नसताना खबरदारी म्हणून केलेली तपासणी) म्हणून धरतात का. 24 वर्षांपर्यंतच्या मुलींना क्लॅमिडिया-गोनोरियाचं आणि 15 ते 65 वयाच्या सगळ्यांना एचआयव्हीचं स्क्रीनिंग बहुतेक प्लॅन्समध्ये फुकट असतं. अर्जंट केअरने ते आजारपण म्हणून लावलं असेल तर बिल बदलून मागता येतं. लेखी माग.

—

प्रेषक: यादी-संचालक (विद्यार्थिनीच्या वतीने)

"सगळ्यांना धन्यवाद. शार्पस्टाउनला फोन केला, मंगळवारी सकाळची वेळ मिळाली. चारही नावं कागदावर लिहून ठेवली आहेत. बिलाबद्दलही लेखी कळवलं आहे. माझ्या रूममेटलाही यायचंय, पण आमच्या दोघींकडे गाडी नाही आणि बस दोनदा बदलावी लागते. त्या बाजूने कुणी जात असेल तर कळवाल का?"

—

प्रेषक: सुलभाताई, पेअरलँड

मी नेते. सव्वासातला तुमच्या दाराशी येते. निघायच्या आधी बाथरूमला जाऊ नका, लक्षात आहे ना? पाणी बरोबर घ्या, नाहीतर तिथे ताटकळत बसाल.

—

प्रेषक: एक जुने सभासद, शुगर लँड

सुलभाताई, माझी नात सातव्या महिन्यात आहे. तिसऱ्या तिमाहीतली ती टेस्ट तिची झाली का, ते विचारायचं असेल तर नेमकं काय विचारायचं? तुम्हाला संध्याकाळी फोन करतो.