जिभेच्या गाठीभोवतीचा दाह: रिपोर्टात लिहायलाच हवा का?

वेंगुर्लेकरीण: आत्याच्या जिभेच्या कडेची कॅन्सरची गाठ काढली. ४० वर्षं मशेरी लावायची, त्यामुळे नवल वाटलं नाही. आकार १.८ सेंमी, खोली ६ मिमी, कापलेल्या कडा कॅन्सरमुक्त, मानेतल्या लिम्फच्या गाठी साफ. तळाशी एक ओळ: 'गाठीच्या कडेला लिम्फोसाइट्सचा दाट दाह'. घरच्यांनी दाह वाचला आणि पू झालाय असं धरून बसले! खरं तर लिम्फोसाइट्स म्हणजे संरक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशी, ती शरीराची फौज. कडेला तिची गर्दी असेल तर रुग्ण एकूणात जास्त टिकतात, असं तोंडाच्या कॅन्सरच्या बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. ब्रँडवाइन-गेन्सलर यांच्या धोका मोजायच्या २००५ च्या पद्धतीत तर याचेही गुण (स्कोअर) धरतात. गाठीचा काप सूक्ष्मदर्शकाखाली बघतात त्याच काचेवर दिसतं, जादा खर्च नाही. मग सक्तीचंच करा ना.

रत्नांग्रीचा लॅबवाला: विरोध. दिवसभर काचा बघतो म्हणून सांगतो, माझं 'दाट' ते शेजारच्या खुर्चीतल्याचं 'मध्यम'. त्यातून जीभ! तुटक्या दाढेवर रोज घासणार, वर तिखट कालवण. व्रण पडला की पेशी जमणारच, त्या कॅन्सरशीच लढायला आल्यात कशावरून? वरच्या व्रणाखालची गर्दी सोडून, गाठ जिथे स्नायूत शिरतेय तिथली बघायला हवी. उपचार ठरतात ते खोली, कडा, मज्जातंतूंतला शिरकाव आणि मानेच्या गाठींवर. टीएनएम, म्हणजे कॅन्सरची पायरी ठरवायची पद्धत (त्यातला टी मूळ गाठीचा), तिच्या आठव्या आवृत्तीत खोली आली, म्हणून २ सेंमीच्या आतली असूनही आत्याची गाठ टी२. दाहाने टी हलत नाही.

कुडाळकर: अहो, पण दाह कुठला? गाठीच्या कडेचे लिम्फोसाइट्स चांगले. उलट रक्तपेशी मोजायच्या साध्या सीबीसी तपासणीत लिम्फोसाइट्सच्या मानाने न्यूट्रोफिल (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) फार वाढलेले असले तर लक्षण वाईट. नुसतं 'दाह: मध्यम' लिहिणं म्हणजे बाजारातून येऊन 'मासे आणले' म्हणणं. बांगडे की मोरी, ते सांगा!

वेंगुर्लेकरीण: मासे पटले. पण 'उपचार बदलत नाहीत' हे कारण पटत नाही. खोली तरी आधी कुठे होती टीएनएममध्ये? वर्षानुवर्षं कुणीतरी मोजून लिहून ठेवली, म्हणूनच आली.

रत्नांग्रीचा लॅबवाला: हे मान्य. मग कुठली कड, कुठल्या पेशी, तेही लिहावं लागेल. माझी भीती वेगळी आहे. एक मुलगा हीच ओळ दाखवून विचारत होता, "फौज आहे ना, मग बाबांना तपासणीला नाही आणलं तर चालेल?" गाठ उलटायचा धोका पहिल्या २ वर्षांतच सगळ्यात जास्त. त्याला ओरडावं की रिपोर्ट लिहिणाऱ्याला?

कुडाळकर: समजावून न सांगणाऱ्याला.

मालवणी माणूस: ता सगळा रवांदे. आत्येन मशेरी सोडल्यान काय?

वेंगुर्लेकरीण: डबा मीच विहिरीमागे पुरला. परवा चुलीच्या आडोशाला दुसरा सापडला.