मदत हवी आहे: एपी वर्ल्ड हिस्टरीचा वर्षभराचा आराखडा. आठशे वर्षं, १३८ तास

पोर्शनबाई:

नमस्कार मंडळी.

मी न्यू जर्सीतल्या एका पब्लिक हायस्कूलमध्ये सोशल स्टडीज शिकवते. त्याआधी पुण्यात नऊ वर्षं आठवी ते दहावीला इतिहास-भूगोल शिकवला. येत्या सप्टेंबरपासून टेन्थ ग्रेडच्या दोन तुकड्यांना (मिळून ५४ मुलं) 'एपी वर्ल्ड हिस्टरी: मॉडर्न' शिकवायचं माझ्याकडे आलं आहे. आधीचे सर निवृत्त झाले. जाताना कपाटाची किल्ली आणि "एन्जॉय!" एवढंच देऊन गेले.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एपी म्हणजे ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट: हा कॉलेज बोर्ड या संस्थेचा कॉलेजच्या पातळीचा कोर्स, शाळेतच शिकवायचा. इ.स. १२०० पासून आजपर्यंत, नऊ युनिटं. मे महिन्याच्या सुरुवातीला सव्वातीन तासांची परीक्षा असते. त्यात ५५ बहुपर्यायी प्रश्न (४० टक्के), तीन छोटे लेखी प्रश्न (२० टक्के), सात कागदपत्रं समोर ठेवून लिहायचा निबंध म्हणजे डीबीक्यू (२५ टक्के) आणि वर आणखी एक मोठा निबंध (१५ टक्के).

काल रात्री शाळेचं कॅलेंडर आणि लाल पेन घेऊन बसले. लेबर डेनंतर शाळा उघडणार. नोव्हेंबरात शिक्षक अधिवेशनाची सुट्टी, मग थँक्सगिव्हिंग, नाताळ, स्प्रिंग ब्रेक, शिवाय दोन-तीन दिवस बर्फाचे धरायचेच. परीक्षेआधी हातात उरतात तीस आठवडे. चाचण्या, असेंब्ली, फायर ड्रिल वजा करून ४२ मिनिटांचे १३८ तास. सव्वाआठशे वर्षं भागिले १३८, म्हणजे तासाला सहा वर्षं. दुसरं महायुद्ध बरोबर एका तासात बसतंय, पण बाकीच्यांचं काय?

माझा कच्चा आराखडा असा: पहिली दोन युनिटं (१२०० ते १४५०) नऊ आठवडे, मग प्रत्येक युनिटाला तीन आठवडे. एकवीस आणि नऊ तीस. उजळणीला शून्य. इथेच अडले आहे.

नऊ आठवडे का, तर काय काय सोडू? सोंग काळातला चीन, १२५८ ला मंगोलांनी लुटलेलं बगदाद, १३२४ च्या हज यात्रेत कैरोमध्ये सोनं उधळणारा मालीचा मन्सा मुसा, मृत्यूचं थैमान घालणारा प्लेग, मिंग चीनचा दर्यावर्दी झेंग ह याचं आरमार. शिवाय याच काळात आपली भक्तिपरंपरा येते (अभ्यासक्रमात तिचा उल्लेख आहे!), आणि ज्ञानेश्वरी १२९० ची. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता तर तुघलकाच्या पदरी राहून दौलताबादेपर्यंत येऊन गेलेला. सोडवत नाही हो.

तर विचारायचंय ते हे. गाळायचं काय? निबंध लिहायला कधीपासून शिकवायचं? आणि ५४ डीबीक्यू तपासून माणूस जिवंत राहतो का?


ह्यूस्टनचा_मास्तर:

पोर्शनबाई, आयडी अगदी सार्थ घेतलाय. मी सात वर्षं हाच कोर्स शिकवतोय. पहिल्या वर्षी माझीही हीच गत होती. एप्रिल उजाडला तेव्हा आम्ही पहिल्या महायुद्धाच्या खंदकात होतो. शीतयुद्ध मुलांना झेरॉक्स देऊन संपवलं. आणि आमच्या टेक्ससच्या शाळा ऑगस्टच्या मध्यात उघडतात, परीक्षा मात्र देशभर एकाच दिवशी. म्हणजे तुमच्यापेक्षा तीन आठवडे जास्त असूनही ही तऱ्हा.

आधी वजनं बघा. पहिलं आणि दुसरं युनिट प्रत्येकी ८ ते १० टक्के. तिसरं ते सहावं प्रत्येकी १२ ते १५. सातवं, आठवं, नववं पुन्हा ८ ते १०. म्हणजे निम्मी परीक्षा १४५० ते १९०० मध्ये आहे आणि तुम्ही वर्षाचा जवळजवळ तिसरा हिस्सा त्याच्या आधीच खर्च करताय. पहिल्या दोन युनिटांना मिळून सहा आठवडे, वर एक दिवस नाही. आराखडा मे पासून मागे मोजत करा. उजळणीचे तीन आठवडे आधी बाजूला काढा, त्याला हात लावायचा नाही.

दुसरं, आणि हे मला कळायला दोन वर्षं लागली. अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत प्रत्येक मुद्द्याशेजारी उदाहरणांची चौकट असते. ती *उदाहरणादाखल* असते. त्यातलं सगळं शिकवायचं नसतं. मुद्दा पटवून देता येईल अशी एक-दोन ठोस उदाहरणं मुलाकडे हवीत, ती चौकटीबाहेरची असली तरी चालतात. आपण महाराष्ट्र बोर्डातून आलेली माणसं, छापलेलं दिसलं की ते पोर्शनमध्ये आहे असं धरतो.

पहिलं युनिट प्रदेशवार घेऊ नका. आज चीन, उद्या इस्लामी जग, परवा आफ्रिका असं केलं की आठ आठवडे कुठे गेले कळत नाही. एकच प्रश्न धरा: राज्यकर्ता आपली सत्ता लोकांच्या गळी कशी उतरवतो? सोंग बादशहा परीक्षा घेऊन नोकरशाही उभी करतो, इंका राजा लोकांकडून वेठीने रस्ते बांधून घेतो, दिल्लीचा सुलतान काय करतो? हाच प्रश्न तिसऱ्या युनिटात पुन्हा येतो: ओटोमनांची देवशिर्मे (ख्रिश्चन मुलं सक्तीने घेऊन त्यांना सरकारी चाकरीसाठी घडवायची पद्धत), मुघलांचे जमीनदार, पगारी सामुराई, चौदाव्या लुईचा व्हर्सायचा राजवाडा. मुलांना वाटतं आपण हे आधी केलंय, आणि ते खरंच असतं.


एडिसनकर:

शिक्षक नाही, बाप आहे. मुलीने गेल्या वर्षी ही परीक्षा दिली. एक व्यावहारिक गोष्ट सांगतो: परीक्षा आता पूर्णपणे कॉम्प्युटरवर, ब्लूबुक ॲपमध्ये असते. आमच्या कन्येच्या शाळेत वर्षभर कागदावर निबंध लिहून घेतले आणि मार्चमध्ये अचानक "आता टाइप करा" म्हणाले. सात कागदपत्रं स्क्रीनवर खालीवर सरकवत वाचायची, तासाभरात निबंध टाइप करायचा, ही वेगळीच कसरत आहे. घरी रडारड झाली. डिसेंबरपासून तरी टायपिंग सुरू करा.

बाकी, १२०० च का? आमच्या वेळी इतिहास हडप्पापासून सुरू व्हायचा.


ह्यूस्टनचा_मास्तर:

@एडिसनकर, पूर्वी इथेही शेतीच्या शोधापासूनच सुरू व्हायचा. २०१८ मध्ये कॉलेज बोर्डाने १४५० पासून करू असं जाहीर केलं. शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी बोंब ठोकली: मग युरोपीय जहाजं निघाल्यावरच जगाचा इतिहास सुरू होतो की काय? शेवटी १२०० वर तडजोड झाली. म्हणून पोर्शनबाईंच्या भावना मी समजू शकतो, पहिल्या दोन युनिटांसाठी लोक भांडलेत. पण सहा म्हणजे सहा आठवडे.


पोर्शनबाई:

सहा आठवडे. बरं. छातीवर दगड ठेवला.

पण आता खरं दुखणं सांगते. चौथ्या युनिटात 'सत्तेला मिळालेली आव्हानं' असा एक मुद्दा आहे. त्याच्या चौकटीत प्वेब्लो लोकांचा उठाव, फ्रान्समधला फ्रोंद (राजसत्तेविरुद्धची बंडं), कोसॅकांची बंडं, अंगोलातली राणी एन्झिंगा, न्यू इंग्लंडमधलं मेटाकॉमचं युद्ध, आणि मध्येच एका ओळीत: मराठ्यांचा मुघलांशी संघर्ष. एक ओळ! मी कागदावर एक आठवडा लिहून ठेवलाय त्याला. सांगा, जास्त होतंय का?


सातारी_खडू:

होतंय. आणि हे साताऱ्यातून सांगतोय म्हणजे बघा!

ज्युनियर कॉलेजला इतिहास शिकवतो. तुमचा कोर्स मला माहीत नाही, पण ही चौकट वाचून हेवा वाटला. आमच्याकडे शिवकाल वर्षभर शिकवतात, पण मेटाकॉमशेजारी ठेवून कोणी शिकवत नाही. प्वेब्लोंनी स्पॅनिशांना न्यू मेक्सिकोतून हाकललं ते ऑगस्ट १६८० मध्ये. शिवाजी महाराज गेले त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये. दोन्हीकडे एका अफाट साम्राज्याच्या कडेला राहणारी, आपला डोंगर ओळखणारी माणसं. एका ठिकाणी बारा वर्षांनी स्पॅनिश परत येतात, दुसऱ्या ठिकाणी औरंगजेब पंचवीस वर्षं दख्खनेत अडकून तिथेच मरतो. फरक का पडला? एक तास द्या, पण हा प्रश्न विचारा. आठवडाभर किल्ले सांगत बसलात तर तुमच्या वर्गातल्या चार मराठी मुलांनाच मजा येईल.

आणि कागदपत्रांचं म्हणाल तर सुरतेची लूट घ्या, जानेवारी १६६४. एकीकडे वखारीत दार लावून बसलेल्या इंग्रजांनी वरिष्ठांना धाडलेली पत्रं. दुसरीकडे राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीला लिहिलेली सभासदाची बखर, म्हणजे घटनेनंतर तीसेक वर्षांनी. घटना एकच. एक जण कंपनीला सांगतोय की आम्ही माल कसा वाचवला, दुसरा धन्याच्या मुलाला सांगतोय की तुमचे वडील कोण होते. कोण, कुणाला, कधी, कशासाठी हे या दोन कागदांवर जितकं चटकन कळतं तितकं व्याख्यानाने कळत नाही.


पोर्शनबाई:

@सातारी_खडू, हे दोन कागद मी घेतले. धन्यवाद सर. आठवडा खोडला, एक तास लिहिला. (आईला सांगणार नाही.)

यावरून आठवलं. निबंधाची तयारी म्हणून आधीच्या सरांच्या कपाटातले जुने डीबीक्यू वाचले. २००६ चा चांदीवरचा आहे. त्यातला एक कागद वाचून मी थांबलेच. मिंग दरबारातला एक अधिकारी, वांग शीज्वे, १५९३ मध्ये बादशहाला कळवतोय: पिकं चांगली आली नाहीत, तरी धान्य स्वस्त आहे, कारण सरकार कर चांदीत मागतं आणि गावात चांदीच नाही. शेतकऱ्याने धान्य विकून चांदी आणायची कुठून? माझे आजोबा शेतकरी होते, सारा भरायला रोकड हवी म्हणून ज्वारी पडत्या भावात घालायचे. मला हा कागद कुणी समजावून द्यावा लागला नाही. पण ५४ अमेरिकन मुलांना?


ह्यूस्टनचा_मास्तर:

त्यांना आधी प्रश्न विचारा, कागद नंतर द्या. "पीक कमी आलं तर धान्याचा भाव काय होईल?" सगळे म्हणतील चढेल. मग हा कागद हातात द्या आणि गप्प बसा. पाच मिनिटांत कुणीतरी "पण हे उलटं आहे" म्हणतं. तिथून दक्षिण अमेरिकेतली पोतोसीची चांदीची खाण, मनिलाला जाणारी स्पॅनिश गलबतं, चीनची चांदीची भूक, सगळं एका दोरीत ओवता येतं. चौथ्या युनिटाला म्हणूनच मी चार आठवडे देतो.

त्याच संचात राल्फ फिच नावाच्या इंग्रजाचा कागद आहे, मकाव आणि जपानमधल्या पोर्तुगीज व्यापाराबद्दल. हा गृहस्थ त्याआधी गोव्यात पोर्तुगीजांच्या कैदेत होता, आणि त्याला सोडवायला मदत केली ती फादर थॉमस स्टीफन्सनी. हो, तेच मराठीत पुराण रचणारे. परीक्षेत उपयोग शून्य, पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

निबंधाचं वेळापत्रक: सप्टेंबरात एकच कागद, त्यावर चार ओळी. ऑक्टोबरात तीन कागद आणि फक्त थीसिस, म्हणजे निबंधाचं मुख्य विधान. पूर्ण सात कागदांचा डीबीक्यू जानेवारीत. आपली मुलं (आणि आपण) 'कारणे द्या' च्या सवयीची: कारण एक, कारण दोन, कारण तीन. थीसिसमध्ये त्यातलं कुठलं कारण वजनदार आणि का, ही बाजू घ्यावी लागते. "चांदीचे अनेक परिणाम झाले" याला शून्य.

तपासण्याचं गुपित: अख्खा निबंध तपासूच नका. डीबीक्यूला सात गुण असतात, एका वेळी एकच गुण तपासा. या खेपेला फक्त थीसिस, पुढच्या खेपेला फक्त संदर्भमांडणी. एका निबंधाला एक मिनिट. ५४ मिनिटांत मोकळे. पूर्ण तपासणी वर्षातून तीनदा, आणि त्या शनिवारी घरी पाहुणे बोलवू नका.


दप्तर_आणि_डबा:

उशिरा आले. पहिल्या दिवसासाठी एक सुचवू? मी बे एरियात मराठी शाळेत शिकवते. मुलांना विचारलं, पेरूला पेरू का म्हणतात? कुणालाच माहीत नव्हतं. फळ अमेरिका खंडातलं, नाव बहुधा पोर्तुगीज 'पेरा' (नाशपाती) वरून आलेलं. बटाटा, अननस, पपई, काजू, सगळे पोर्तुगीजांच्या जहाजातून उतरलेले, बरेचसे नावासकट. मिरचीसुद्धा. १५०० च्या आधी कोकणात वडापाव अशक्य होता: बटाटा नाही, मिरची नाही आणि पाव हा शब्दही नाही. तुमच्या वर्गातल्या इटालियन मुलांना टोमॅटोबद्दल आणि आयरिश मुलांना बटाट्याबद्दल हेच विचारा.


पोर्शनबाई:

सगळ्यांचे मनापासून आभार. सुधारित आराखडा:

पहिलं-दुसरं युनिट मिळून सहा आठवडे. तिसरं तीन, चौथं चार. पाचवं-सहावं प्रत्येकी चार. सातवं, आठवं, नववं मिळून सहा. उजळणी तीन, हात न लावता. गाळलेल्या यादीत झेंग ह एका तासावर आला, मन्सा मुसा अर्ध्यावर. फ्रोंद पूर्ण गेला, कुणी फ्रेंच पालक भेटले तर बघू. सहाव्या युनिटात अमेरिकन यादवी युद्धामुळे मुंबईत आलेली कापसाची तेजी आणि १८६५ ची घसरण ठेवली आहे, कारण ती इथल्या मुलांना त्यांच्याच इतिहासाची दुसरी बाजू दाखवते. सातव्यात पहिल्या महायुद्धातला, इराकमधल्या कुत-अल-अमाराचा वेढा: एप्रिल १९१६ मध्ये ओटोमनांना शरण गेलेल्या ब्रिटिश-हिंदी फौजेचं नावच पूना डिव्हिजन होतं. त्याला पंधरा मिनिटं. फक्त पंधरा, मास्तर, शपथ.

टायपिंग नोव्हेंबरपासून.

@दप्तर_आणि_डबा, पहिल्या दिवशी वर्गात फळं न्यायची म्हणून शाळेच्या नर्सबाईंना ईमेल टाकली होती. उत्तर आलंय: पेरू, अननस, पपई चालेल. काजू वर्गात आणायचा नाही, नट ॲलर्जी. काजूचा फोटो दाखवीन.