कसले साचे? इंदुरातल्या सुझुकी गाड्या आणि आपण

सुझुकी मोटार कंपनीचे ओसामू सुझुकी गेल्याची बातमी मी बाबांना वाचून दाखवत होतो. २५ डिसेंबर २०२४, वय ९४. खाली लिहिलं होतं की ही कंपनी मुळात १९०९ साली कापड विणायचे साचे बनवायला निघाली. बाबा आडवे होते, ते उठून बसले. "कसले साचे?"

बाबांची एकतीस वर्षं मालवा मिल चौकाच्या बाजूच्या गिरणीत गेली, साचेखात्यात. १९९५ ला मी पांढरी मारुती ८०० घेतली, २०१५ पर्यंत ठेवली. म्हणजे वीस वर्षं ते त्या गाडीत बसले आणि ती साचेवाल्याची गाडी आहे हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. त्यांच्या प्रश्नाला मला उत्तर देता आलं नाही. म्हणून वाचायला बसलो.

जपानमध्ये हमामात्सु नावाचं गाव आहे, कापसाचं आणि विणकरांचं. तिथे १८८७ साली मिचिओ सुझुकी जन्मले. आधी सुताराकडे उमेदवारी केली, मग आईसाठी लाकडी माग बनवला, तो लोकांना आवडला आणि त्यातून कारखाना उभा राहिला. १९३७ च्या सुमाराला त्यांनी छोट्या मोटारीवर काम सुरू केलं, नमुने तयारही झाले. पण युद्धाचे दिवस आले, खाजगी मोटार ही चैन ठरली आणि काम थांबलं. युद्धानंतर पुन्हा साचे. १९५१ मध्ये कापसाचा बाजार कोसळला तेव्हा मात्र कारखान्यापुढे दुसरी वाट धरण्यावाचून इलाज राहिला नाही. १९५२ ला त्यांनी सायकलला बसवायचं ३६ सीसीचं इंजिन काढलं. १९५४ ला कंपनीचं नाव बदललं, आणि १९५५ ला सुझुलाइट ही ३६० सीसीची पहिली मोटार आली. पुढची चाकं ओढणारी, त्या काळात!

ओसामू हे घरचे जावई. मूळ आडनाव मात्सुदा, बँकेत नोकरी. लग्नानंतर सासरचं आडनाव घेतलं. १९७८ ला अध्यक्ष झाले, १९७९ ला ४ लाख ७० हजार येनची आल्टो आणली, आणि २ ऑक्टोबर १९८२ ला भारत सरकारच्या मारुती उद्योगाशी करार केला. इतर मोठ्या कंपन्यांना इथे बाजार दिसत नव्हता, त्यांना दिसला. १४ डिसेंबर १९८३ ला पहिल्या ८०० ची किल्ली इंदिरा गांधींनी दिल्लीच्या हरपालसिंगांच्या हातात दिली. आपल्याकडे मारुती म्हणजेच गाडी असं समीकरण झालं ते तेव्हापासून. सुझुकीचा वाटा निम्म्याहून वर गेला तो २००२ मध्ये, आणि कंपनीच्या नावात सुझुकी आलं २००७ ला.

आता मंडळी, तुम्ही लिहा. गाडी कोणती, कधी घेतली, काय पटलं, कुठवर नेलीत. नाव मारुती असलं तरी आत यंत्र सुझुकीचं, म्हणून ८०० पासून सगळ्या चालतील.

तिलकनगर, निवृत्त शिक्षिका

१९९८, माझं वय सत्तेचाळीस. यजमानांनी ८०० घेतली आणि दोन महिन्यांत त्यांची बदली झाबुआला झाली. गाडी दारात उभी राहिली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, तू शीक. उभ्या गाडीची बॅटरी उतरते म्हणतात." त्या स्वतः नववारीतल्या, चौथीपर्यंत शिकलेल्या.

पहाटे साडेपाचला नेहरू स्टेडियमच्या रस्त्यावर शिकले. थंडीत आधी चोक ओढायचा, इंजिन लागलं की मिनिटभर घरघरू द्यायचं, मग चोक हळूहळू आत ढकलायचा. घाई केली की बंद. पॉवर स्टेअरिंग नव्हतं, पण गाडीचं वजनच साडेसहाशे किलोच्या आसपास, त्यामुळे माझ्या हातांना ते जमलं. ॲम्बेसेडर असती तर मी शिकले नसते, हे मी मनापासून सांगते. माझ्यासारख्या कितीतरी बायका इंदुरात रस्त्यावर आल्या त्या या गाडीमुळे.

सहा महिन्यांनी भजनी मंडळाच्या चौघींना घेऊन ओंकारेश्वरला निघाले. सिमरोल सोडलं की घाट लागतो. पाच जणी, टाळ, वर मागच्या तिघींच्या मांडीवर पेटी. ७९६ सीसी आणि तीन सिलिंडर! दुसऱ्या गिअरमध्ये न कुरकुरता चढली. चोरलला चहा घेतला. मोरटक्क्याच्या पुलावर नर्मदा दिसली तशी मागे अभंग सुरू झाला. मला हात जोडता येईनात, म्हणून स्टेअरिंग घट्ट धरून मनातच नमस्कार केला. पुलावर थांबायचं नाही हे यजमानांनी फोनवर तीनदा बजावलं होतं.

रामबाग, केटरिंगचा घरचा व्यवसाय

आमची ओम्नी. वडील तिला शेवटपर्यंत "व्हॅन" म्हणायचे, कारण १९८४ ला ती मारुती व्हॅन म्हणूनच आली होती, ओम्नी नाव नंतरचं. इंजिन पुढच्या सीटखाली, त्यामुळे मागचा सगळा भाग मोकळा. मागच्या सीट काढल्या की श्रीखंडाची दोन पातेली, पुरणपोळ्यांचे डबे, कढई, शेगडी, सगळं मावायचं. सरकता दरवाजा ही तर आमच्यासाठी देणगीच. सराफ्याकडच्या अरुंद गल्लीत नेहमीचा दरवाजा उघडायला जागा नसते. हा मागे सरकवायचा आणि पातेलं थेट ओट्यावर.

तिच्यात अन्न सांडलं नाही असं एकही लग्न झालं नसेल. कार्पेटखालचा पत्रा दर पावसाळ्याआधी धुऊन, वाळवून, रंग द्यायचो. २०१९ ला ओम्नी बनणं थांबलं. त्यानंतर तसा सपाट आणि उघडा तळ शोधत आम्ही बरंच फिरलो.

सुदामानगर

झेन, १९९६. ९९३ सीसी. एकच मालक. खजराना गणपतीला पूजा केली त्या दिवशी वडिलांनी बॉनेटवर काढलेलं स्वस्तिक पुसलं गेलं, पण त्याची जागा मला अजून दाखवता येते. विकणार नाही.

पाटनीपुरा, मिस्त्री

मी लिहिणारा माणूस नाही, मुलगी टाइप करून देतेय. १९८७ पासून हाच धंदा.

वरच्या काकूंनी ८०० घाटात चढल्याचं लिहिलंय, त्याचं कारण सांगतो. गाडी हलकी. इंजिनला ओढायलाच कमी. जपानी लोकांनी ताकद वाढवण्याऐवजी वजन कमी केलं. आमच्या उस्तादांना आधी हे पटत नव्हतं. पत्रा वाजवून बघायचे. मग एका वर्षात त्यांनीच मला सांगितलं, "हिच्यासाठी वेगळी पेटी कर." त्या पेटीत १०, १२, १४ आणि १७ नंबरचे पाने. एवढ्यावर जवळजवळ सगळी गाडी उघडते. जुन्या ॲम्बेसेडरला इंची पाने लागायचे, दोन पेट्या वागवाव्या लागत. माझ्यासारख्या नवशिक्या पोराला ८०० वर हात बसवता आला, कारण बनवणाऱ्याने उघडणाऱ्याचा विचार केला होता.

तीन सिलिंडरचं इंजिन उभं असताना थोडं थरथरतंच, ती त्याची जात आहे. थरथर एकदम वाढली तर इंजिन फाउंडेशनचं रबर बसलेलं असतं. लोक उगाच कार्बोरेटर खोलायला लावतात. टायमिंग बेल्टची मुदत मात्र चुकवायची नाही. माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाने बाजारातल्या एका दुकानातून स्वस्त नकली बेल्ट आणून लावला, तो महूच्या पुढे रस्त्यात तुटला. रात्री अकराला टो करून आणली. आणि रेडिएटरमध्ये नळाचं पाणी घालू नका. आपल्याकडचं पाणी जड, आत क्षार धरतात. कूलंट घाला.

जुनी ८०० कुणाला टाकायची असेल तर आधी एकदा मला दाखवा. निम्म्या गाड्या हजार-दोन हजारांच्या कामासाठी भंगारात जातात. ते बघवत नाही.

राजेंद्रनगर, मुलं पुण्याला

धागा काढणाऱ्या दादांना एक दुरुस्ती. सगळी यंत्रं सुझुकीची नाहीत. आमची २००९ ची डिझेल स्विफ्ट, तिचं १२४८ सीसीचं इंजिन मूळ फियाटचं. २००७ पासून स्विफ्टमध्ये बसवत होते, २०२० ला नवे प्रदूषण नियम आले तेव्हा कंपनीने डिझेल सोडलं. पण गाडीचं वळणावरचं बसणं, गिअरचा हात, ते सुझुकीचं.

मानपूर, खलघाट, सेंधवा, बिजासन, धुळं, हा रस्ता आम्ही वर्षातून चार वेळा तरी करतो. एका गणपतीला बिजासन घाटात ट्रक आडवा झाला आणि पाच तास अडकलो. धाकटा मागच्या सीटवर मूर्तीचं खोकं कवटाळून झोपला. मूर्तीला टवकाही गेला नाही.

पीथमपूर, सुट्या भागांच्या कारखान्यात अभियंता

मी इथला सगळ्यात लहान असेन. एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही, मोठ्यांनी राग मानू नये.

आपण सगळे ॲव्हरेजचं कौतुक करतो. माझ्याही घरी गाडी घेताना पहिला प्रश्न तोच. पण २०१४ साली ग्लोबल एनकॅप या गाड्या धडकवून तपासणाऱ्या संस्थेने एअरबॅग नसलेली भारतीय स्विफ्ट ताशी ६४ किलोमीटरने आदळून पाहिली तेव्हा तिला शून्य तारे मिळाले. २०१८ च्या स्विफ्टला दोन. नोव्हेंबर २०२४ मध्ये नव्या डिझायरला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले, या कंपनीच्या गाडीला पहिल्यांदाच. दहा वर्षांतला हा बदल मला ॲव्हरेजपेक्षा मोठा वाटतो. तो आपोआप झाला नाही, नियम कडक झाले आणि गिऱ्हाईक विचारायला लागलं म्हणून झाला. म्हणून विचारत राहा.

आणि बाहेरचा पत्रा बोटाने वाजवून मजबुती कळत नाही. धडक झेलतो तो आतला सांगाडा. पुढचा भाग ठरवल्याप्रमाणे चुरगळतो, माणसं बसतात तो पिंजरा टिकतो, पट्टा आणि एअरबॅग शरीराला सावरतात. मिस्त्रीकाकांनी वजन कमी करण्याबद्दल लिहिलंय ते शंभर टक्के खरं, फक्त आज तेच हलकेपण जास्त ताकदीच्या पोलादातून आणावं लागतं. आमच्या पीथमपूरलाच नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा अतिवेगाचा ट्रॅक आहे, २०२१ ला सुरू झाला. इथे गाड्या तपासल्या जातात आणि आपण इंदूरकर मात्र शोरूममध्ये पत्रा वाजवतो, याचं वाईट वाटतं.

मागच्या सीटवरसुद्धा पट्टा लावा. आजीलाही.

मूळची स्नेहलतागंजची, सध्या नागोया

काका, तुमच्या बाबांचा प्रश्न वाचला आणि रविवारी मुद्दाम जाऊन आले. नागोयाहून बुलेट ट्रेनने हमामात्सु, तिथून साध्या गाडीने एक स्टेशन, ताकात्सुका. स्टेशनपासून थोडं चाललं की कंपनीचं मुख्यालय आणि सुझुकी प्लाझा हे संग्रहालय. तिकीट नाही, फक्त आधी नोंदवावं लागतं.

मला वाटलं होतं सुरुवातीलाच मोटारी असतील. आधी साचे आहेत, लाकडी, जुने. मिचिओंची पहिली मोठी सुधारणा १९१२ ची. एका धोट्याने एकाच रंगाचा आडवा धागा टाकता येतो. त्यांनी धोट्यांची पेटी वर-खाली करायची सोय केली, म्हणजे दोन रंगांचे धोटे आलटून पालटून सोडता येतात आणि आडवे पट्टे विणता येतात. पुढे त्यांचे साचे आग्नेय आशियात गेले, तिथल्या लुंगीसारख्या सारोंगसाठी. सुझुलाइटही पाहिली. माझ्या खांद्याला लागेल एवढीच उंच आहे. पण मी साच्यांसमोरच जास्त वेळ उभी राहिले. गंमत म्हणजे होंडाचे संस्थापकही याच भागातले, यामाहाही इथलीच, आणि टोयोटाच्या घराण्याची सुरुवातसुद्धा मागापासूनच झाली. एवढ्याशा टापूत हे सगळं!

साच्याचे जवळून तीन फोटो तुम्हाला पाठवलेत. बाबांना नक्की दाखवा.

धागा काढणाऱ्याकडून

ताई, फोटो मिळाले. काल संध्याकाळी दाखवले. बाबांना आता मोबाइलवर नीट दिसत नाही, म्हणून मुलाने टीव्हीवर लावून दिले. बाबा खुर्ची ओढून अगदी पडद्याजवळ बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग साच्याच्या बाजूला बोट ठेवून म्हणाले, "ड्रॉप बॉक्स. हा ड्रॉप बॉक्स आहे."

मी विचारलं, म्हणजे?

"चौकड्याचं कापड निघायचं यावर. आमच्याकडे खिडकीकडच्या ओळीत असेच उभे होते, फक्त लोखंडी. पेटी अडकली की धोटा उडायचा, कपाळावर बसायचा." त्यांनी भुवईवरची खूण दाखवली. ती खूण मी लहानपणापासून पाहतोय, कशाची ते कधी विचारलं नव्हतं.

मग त्यांनी मुलाला दुसरा फोटो पुन्हा लावायला सांगितला.