मॅटरहॉर्नचा बर्फ करडा का दिसतो?
तुमच्या फोटोत स्वित्झर्लंड-इटली सीमेवरचा मॅटरहॉर्न पर्वत सुरेख टिपलाय! बर्फ करडा आला म्हणून खट्टू झालात, पण चूक तुमची नाही. कॅमेऱ्याचं मीटर, म्हणजे उजेड मोजणारी यंत्रणा, समोरचं सगळं मध्यम करडं धरून चालतं, म्हणून पांढरा बर्फही करडा येतो. एक्सपोजर, म्हणजे फोटोला मिळणारा प्रकाश, एक-दीड स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश), हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, उजव्या कडेला आपटू देऊ नका, बस्स. उन्हाळ्यात पहाटे वारा पडलेला असला तर जवळच्या रिफेलझे तळ्यात ४४७८ मीटरचा हा सुळका उलटा उभा दिसतो.

इतिहासाचं म्हणाल तर १४ जुलै १८६५ रोजी इंग्रज गिर्यारोहक एडवर्ड व्हिम्परसह सातजण पहिल्यांदा माथ्यावर पोचले आणि उतरताना चौघे कोसळले. तेव्हा तुटलेला दोर पायथ्याच्या झरमॅट गावातल्या संग्रहालयात आहे. सोबतच्या दोरांत नेमका तोच सगळ्यात कच्चा होता. त्याचाही फोटो घ्याच.