रक्त जाताना तुम्ही काय पाहिलंत?

माझी धाकटी आत्या १९८८ साली पहिल्या बाळंतपणात घरीच गेली. बाळ रडलं, वार पडली, बायका बाळाकडे वळल्या. ती नुसती "तहान लागलीय" म्हणत होती. दमली असेल असं वाटलं, आजी सांगायची. गोधडी उचलली तर खालची गादी चिंब. मोठ्या माणसाच्या अंगात जेमतेम ५ लिटर रक्त असतं, हे मला फार उशिरा कळलं. रक्तस्रावानं माणूस किंवा जनावर जाताना, वाचताना पाहिलं असेल तर लिहा. सुरुवातीला काय दिसलं ते जरूर लिहा.

पशुवैद्य
म्हैस व्याली आणि मायांग, म्हणजे गर्भाशय, बाहेर आलं. मालकानं ते ओल्या चादरीत उचलून धरलं होतं, अगदी बरोबर केलं होतं. मी हात धूत होतो तेवढ्यात ती उठायला गेली आणि आतली मोठी रक्तवाहिनी फाटली. बाहेर थेंब नाही, सगळं पोटात. कान गार पडले, पापणी ओढली तर आत पांढरीफटक. ५०० किलोच्या जनावरात २५-३० लिटर रक्त असतं, तरी काही मिनिटांत संपली. "रक्त तर कुठंच नाही डॉक्टर, मग गेली कशानं?" मालक विचारत राहिला.

ऊसतोड कामगार
बायकोच्या पोटरीत कोयता घुसला. मी घाबरून भिजलेलं फडकं काढून नवं बांधत होतो, दर वेळी धार पुन्हा सुटायची. मुकादमानं मला बाजूला सारलं, फडक्यावरच दोन्ही हातांनी दाबून धरलं, ते दवाखाना येईपर्यंत सोडलं नाही. वाचली.

आरोग्य केंद्रातली परिचारिका
आत्यांबद्दल वाचून हात थांबले. तरण्या बाईचं बीपी बराच वेळ टिकून राहतं, नाडी मात्र आधीच पळू लागते. प्रसूतीनंतर ५०० मिलिलिटरच्या वर रक्त गेलं की आम्ही धावतो. पोटावरून गर्भाशय घट्ट लागायला हवं. मऊ लागलं की चोळायचं, गर्भाशय आवळणारं ऑक्सिटोसिन द्यायचं, ३ तासांच्या आत रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड. एका रात्री बाळंतिणीनं पाणी मागितलं, सासू तांब्या घेऊन आली. मी आधी चादर उचलली. १०८ नं पुढे पाठवली, दोन पिशव्या रक्त लागलं, आठवड्यानं घरी आली.

धागाकर्ती
डॉक्टर, त्या म्हशीच्या रेडकाचं काय झालं?

पशुवैद्य
दुसरी म्हैस पाजेना. मालकानं बाटलीनं वाढवलं. मागच्या वर्षी तीच पारडी व्याली, तेव्हा मी रात्रभर गोठ्यात होतो.