विद्यापीठाने एकच मत शिकवावं का? आंतोनिओ कासो यांच्या निमित्ताने

धागाकर्ता:
मेक्सिकोचे तत्त्वज्ञ आंतोनिओ कासो (१८८३–१९४६) मला फार मोठे वाटतात. १८६७ नंतर तिथल्या राष्ट्रीय प्रिपरेटरी (विद्यापीठपूर्व) शाळेत शिक्षणतज्ज्ञ गाबिनो बारेदांनी फ्रेंच विचारवंत कॉम्तचा प्रत्यक्षार्थवाद आणला. जे तपासता येतं तेच ज्ञान, सुरुवात गणितापासून. कासो त्याच शाळेत शिकले आणि १९०९ मध्ये तिथेच व्याख्यानं देऊन त्या मताविरुद्ध उभे राहिले. १९२१ ते १९२३ ते राष्ट्रीय विद्यापीठाचे कुलगुरू होते. 'माणूस मोजमापात मावत नाही' हे ठणकावून सांगणारा माणूस त्या खुर्चीत बसला, याचं मोल आज जास्त कळतं.

प्रतिसाद १:
बारेदांवर अन्याय होतोय. त्यांच्या आधी शिक्षणावर चर्चची पकड होती, ती या विज्ञाननिष्ठ अभ्यासक्रमाने सैल केली. आपल्याकडे आगरकरांनी मिल-स्पेन्सर वाचूनच रूढींवर घाव घातले ना? प्रयोगशाळेच्या जागी पुन्हा अध्यात्म आणणं मला तरी पुढचं पाऊल वाटत नाही.

प्रतिसाद २:
पण कासोंचा विरोध विज्ञानाला नव्हताच. त्यांच्या मते जीवसृष्टीचं गणित साधं आहे: कमीत कमी कष्ट, जास्तीत जास्त लाभ. माणूस ते उलटं करू शकतो, जास्तीत जास्त कष्ट, कमीत कमी लाभ. यालाच ते करुणा म्हणत. मी रुग्णालयात काम करते. परवा रात्री दोनला आमच्या वॉर्डातल्या मावशी पाळी संपल्यावरही एका बेवारस आजोबांचा हात धरून बसल्या होत्या. चार्टवर फक्त नाडीचे ठोके लिहिले गेले.

प्रतिसाद ३:
मावशींना नमस्कार. पण त्यांचा पगार कोण वाढवणार? १९३३ मध्ये मेक्सिकोतल्या विद्यापीठांच्या परिषदेत झालेल्या वादात कासोंचेच विद्यार्थी लोंबार्दो तोलेदानो हेच विचारत होते. विद्यापीठाने मार्क्सवादी दिशा घ्यावी, असं त्यांचं म्हणणं. गरीब देशात तटस्थ राहणं म्हणजे आहे ते चालू देणं.

धागाकर्ता:
तटस्थ राहा असं कासो म्हणालेच नाहीत. प्राध्यापकाने आपलं मत खुशाल मांडावं, संस्थेने मात्र कुठलाही पंथ अधिकृत करू नये, एवढीच त्यांची अट. परिषदेने ठराव लोंबार्दोंच्या बाजूने केला, तरी ते हटले नाहीत. तरुणपणी बारेदांच्या एकाच मताला विरोध केला, पन्नाशीत दुसऱ्या एकाच मताला. मला ही एकच लढाई वाटते.

प्रतिसाद ३:
लढाई एक असेल. पगाराचं उत्तर अजून मिळालेलं नाही.